उसन्या धर्माचा टोमणा व जपानचे उत्तर

नवदीक्षित बौद्ध कुटुंबास एक टोमणा वारंवार ऐकावा लागतो. घरातील देव्हारा उतरवून भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली, मुलाचे लग्न भटजीवाचून त्रिशरण-पंचशीलाने लावले, की शेजारचा कोणी शहाणा ओट्यावर बसून म्हणतो, "अहो, हा तुमचा धर्म उसना! वाडवडिलांचे सोडले आणि पुस्तकातले उचलले. उसन्या अंगरख्याने का कोणाची जात जाते?" हा टोमणा ऐकून आमचे तरुण चिडतात, म्हातारी माणसे खाली मान घालतात, आणि घरातील बायाबापड्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. चिडणे हे उत्तर नव्हे आणि मान खाली घालणे तर मुळीच नव्हे. उत्तर द्यावयाचे ते विचाराने आणि इतिहासाने द्यावे.

प्रथम एवढे सांगून ठेवू की, टोमणा मारणाराची माहितीच चुकीची आहे. बुद्ध याच देशाचा. कार्ले, भाजे, कान्हेरी, नाशिक, अजिंठा येथील लेणी याच मातीत कोरलेली आहेत आणि त्यांतील शिलालेखांत सुतार, लोहार, गंधी, कोळी अशा कष्टकऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. परंतु या उत्तरावर आम्ही थांबू इच्छीत नाही. कारण "आमचे जुने आहे" हा युक्तिवाद मूळचा प्रतिपक्षाचाच आहे. जुनेपणावर धर्म तोलावयाचा ठरला तर अस्पृश्यताही काही थोडी जुनी नाही! म्हणून आम्ही वादासाठी क्षणभर असे धरून चालू की, धम्म खरोखरीच परका आहे, समुद्रापलीकडून आलेला आहे. तरीसुद्धा तो स्वीकारण्यात कमीपणा आहे काय? या प्रश्नाचे उत्तर ज्या देशाच्या इतिहासात स्वच्छ वाचावयास मिळते तो देश जपान होय.

जपानने काय घेतले?

आज जपानकडे बोट दाखवून "हे उसने राष्ट्र" असे म्हणण्याची कोणाची छाती नाही. परंतु या राष्ट्राच्या संसाराची पाहणी केली तर काय दिसते? भाताची पाणथळ शेती, कासे व लोखंड ही कोरियाच्या द्वीपकल्पातून क्यूशू बेटावर आली. लिपी चीनची. कालगणना चीनची. राज्यकारभाराची पदे, कायद्याची संहिता, राजधानीची आखणी, शाईची कांडी, कागद, कौले, सारे चीनकडून किंवा कोरियामार्गे चीनकडून आलेले. इ. स. ५७ मध्ये जपानी बेटांवरील ना नावाच्या छोट्या राज्याने हान सम्राटाकडे वकील पाठविला. त्या सम्राटाने दिलेला मानला जाणारा सोन्याचा शिक्का १७८४ साली शिकानोशिमा बेटावर सापडला. तिसऱ्या शतकात हिमिको नावाच्या राणीने वेई राज्याकडे वकील पाठवून पदवी मिळविली. ६०० ते ८३८ या सुमारे अडीच शतकांत तर स्वी व थांग घराण्यांच्या दरबारी जपानची जहाजे विद्येसाठी पुनःपुन्हा गेली. वादळात किती बुडाली आणि किती विद्यार्थी परतलेच नाहीत! तरी जाणे थांबले नाही. ७०१ साली ताइहो संहिता सिद्ध झाली ती थांग कायद्याच्या नमुन्यावर. ७१० साली नारा येथे राजधानी वसली ती छांगआन नगरीच्या आराखड्यावर.

आणि हे ज्ञान घेऊन आले कोण? बहुतांशी परदेशातून आलेली, निर्वासित म्हणून स्थायिक झालेली कुटुंबे. विणकर, कुंभार, लोहार, लेखनिक, सुतार अशी ही माणसे. ५८८ साली आसुका येथील पहिल्या मोठ्या विहाराचे काम सुरू झाले तेव्हा कोरियातील पेक्चे राज्यातून विहार बांधणारे सुतार आणि कौले भाजणारे कारागीर आणावे लागले. ज्या संस्कृतीचा जपानला आज अभिमान आहे तिचा पाया परक्या कारागिरांच्या हातांनी घातला गेला. जपानी माणूस हे लपवीत नाही. लपवावयाचे कशासाठी? कोणतेही राष्ट्र आकाशातून संस्कृती घेऊन उतरत नाही. ज्याला शिकण्याची लाज वाटते तो अडाणी राहतो, एवढाच काय तो नियम आहे.

देव कोपतील काय?

बौद्ध धर्म जपानात आला तो सहाव्या शतकाच्या मध्यास. काही जुन्या नोंदींप्रमाणे ५३८ साली, तर निहोन शोकी या ७२० साली पूर्ण झालेल्या इतिवृत्ताप्रमाणे ५५२ साली, पेक्चेच्या सोंग राजाने जपानच्या किम्मेई राजाकडे बुद्धाची सोनेरी मुलाम्याची मूर्ती व काही ग्रंथ पाठविले. दरबारात तट पडले. सोगा घराण्याचा प्रमुख इनामे म्हणाला की, पश्चिमेकडील सर्व देश ज्याला मानतात त्याला आपणच का नाकारावे? मोनोनोबे व नाकातोमी या घराण्यांनी उलट कौल दिला. त्यांचे म्हणणे असे की, आपले राजे वर्षाच्या चारी ऋतूंत स्वदेशीच्या देवतांची पूजा करीत आले आहेत. परक्या देवाला नमस्कार केला तर आपले देव कोपतील.

वाचकहो, ही भाषा ओळखीची वाटते ना? घरातील टाक काढताना म्हाताऱ्या आजीने हेच म्हटले होते. "मरीआई कोपेल. खंडोबा सोडणार नाही. पोराबाळांना काही झाले तर?" आजीला दोष देऊ नये, तिला आयुष्यभर भीतीच शिकविली गेली. परंतु ही भीती शिकविणारे कोण होते ते जपानच्या कथेत नीट पाहावे. नाकातोमी हे वंशपरंपरेने देवतांच्या विधींचे अधिकारी आणि मोनोनोबे हे हत्यारांचे मालक. पूजेचा मक्ता ज्याच्याकडे आणि तलवार ज्याच्या हाती, त्यालाच देवांच्या रागाची सर्वाधिक काळजी पडलेली असते! सोगांचाही राजकीय स्वार्थ होता, हे आम्ही नाकारीत नाही. दोन घराण्यांच्या सत्तास्पर्धेत धर्माचा उपयोग झालाच.

पुढे काय झाले ते इतिवृत्तातच आहे. देशात साथीचा रोग आला. विरोधकांनी म्हटले, पाहा, देव कोपले! विहार जाळला गेला आणि मूर्ती नानिवाच्या कालव्यात फेकली गेली. पुढे ५८५ साली पुन्हा साथ, पुन्हा जाळपोळ. परंतु मूर्ती फेकल्यावर रोग थांबला काय? नाही. फोडांची साथ तशीच पसरली आणि मग लोक उलट म्हणू लागले की, हा बुद्धाची मूर्ती जाळल्याचा परिणाम! येथे आम्ही नवबौद्धांनी दोन्ही पक्षांस सारखेच खडसावले पाहिजे. रोग हा देवाच्या कोपाने येत नाही, तसाच तो बुद्धाच्या कोपानेही येत नाही. जो शासन करतो, शाप देतो, नवस मागतो तो बुद्धच नव्हे. मूल आजारी पडले तर त्याला दवाखान्यात न्यावे. मरीआईकडे नेऊ नये आणि विहारात नवस बोलण्यासाठीही नेऊ नये. देव्हारा रिकामा करून तेथे बुद्धाला बसविले आणि नारळ, अंगारा, नवस तसेच चालू ठेवले, तर आपण धर्म बदलला नाही. फक्त मूर्ती बदलली.

ही चूक जपानच्या सम्राटांनी फार मोठ्या प्रमाणावर केली. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने जपानात कहर केला. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे लोकसंख्येचा चौथा ते तिसरा हिस्सा त्यात मेला. शोमू सम्राटाने उपाय काय केला? ७४१ साली प्रत्येक प्रांतात राष्ट्ररक्षणासाठी एक भिक्षुविहार व एक भिक्षुणीविहार बांधण्याचा हुकूम काढला आणि पुढे नारा येथे बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ती ओतविली. ७५२ साली तिच्या नेत्रोन्मीलनाचा विधी बोधिसेन नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूच्या हस्ते झाला. भारताचा एक भिक्षू इतक्या दूर जाऊन इतका सन्मान पावला, याचे आम्हांस कौतुक आहे. परंतु सिंहासन सुरक्षित राहावे म्हणून बांधलेली मूर्ती आणि मनुष्य मुक्त व्हावा म्हणून सांगितलेला धम्म यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पहिली दीक्षा कोणाची?

येथे आमच्या भगिनींस एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. जपानात प्रथम चीवर धारण केले ते कोणा राजपुत्राने नव्हे, कोणा पंडितानेही नव्हे. ५८४ साली पहिली प्रव्रज्या घेतली ती एका मुलीने. तिचे नाव झेन्शिन. परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या शिबा तात्तो याची ती कन्या. इतिवृत्तात तिचे वय अकरा वर्षे दिले आहे. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. दुसऱ्याच वर्षी विरोधकांनी या तिघींना पकडले, त्यांची चीवरे उतरविली आणि भर बाजारात त्यांना फटके मारले. त्या मुली मागे हटल्या काय? ५८८ साली त्या समुद्र ओलांडून पेक्चेला गेल्या, तेथे विनय शिकल्या आणि ५९० साली परत येऊन त्यांनी इतरांना दीक्षा देण्याचे कार्य हाती घेतले.

परक्या कुळातील मुलगी, भर चौकात अपमान आणि त्यानंतर माघार न घेता विद्येसाठी प्रवास, ही जपानी बौद्ध धर्माची पहिली ओळ आहे. पाणवठ्यावर, शाळेत, गावच्या चावडीवर ज्यांनी अपमान गिळले त्या आमच्या आयाबहिणींना ही ओळ परकी वाटणार नाही. परंतु याच जपानात पुढे काय झाले? हिएई आणि कोया या पर्वतांवर मोठमोठे मठ झाले आणि त्या पर्वतांवर स्त्रियांना शतकानुशतके मज्जाव राहिला. ही बंदी उठविण्याचा सरकारी हुकूम निघाला तो १८७२ साली! ज्या धर्माची पहिली दीक्षा स्त्रीने घेतली, त्याच धर्माच्या मठांची दारे स्त्रीला बंद झाली. हे कसे घडले, हा या लेखाचा कळीचा प्रश्न आहे.

घेणे आणि नक्कल करणे

प्रथम जपानच्या पारड्यात जे पडते ते टाकू. जपानने घेतले, परंतु आंधळेपणाने नक्कल केली नाही. ६०७ साली राजपुत्र शोतोकूच्या काळी ओनो नो इमोको हा वकील स्वी दरबारी गेला. त्याने नेलेल्या पत्रात जपानच्या राजाने स्वतःस सूर्योदयाच्या देशाचा स्वामी म्हणवून चीनच्या सम्राटास सूर्यास्ताच्या देशाचा स्वामी म्हटले आणि दोघांसही एकच पदवी लावली. चीनचा सम्राट यांगदी नाराज झाला, असे चिनी इतिहासच सांगतो. विद्यार्थी म्हणून गेलेला देश शिष्याच्या नम्रतेने शिकला, पण गुलामाच्या नम्रतेने वाकला नाही.

लिपीचे पाहा. चिनी अक्षरे जपानी बोलीस बसेनात. कारण दोन्ही भाषांची घडणच वेगळी. तेव्हा नवव्या शतकाच्या सुमारास त्या अक्षरांना झिजवून, मोडून जपान्यांनी स्वतःची काना लिपी घडविली. दरबारचे पुरुष चिनीतच लिहिण्याची ऐट मिरवीत राहिले. स्त्रियांनी मात्र आपल्या बोलीची लिपी हाती घेतली, आणि अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या स्त्रीने त्याच लिपीत गेंजीची कथा लिहून जपानी वाङ्मयाचे शिखर गाठले. आणखी एक गंमत ध्यानी घ्यावी. जपानी मूल आज जी अक्षरमाला घोकते तिचा क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना असा आहे. हा क्रम आपल्याच वर्णमालेचा! बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम लिपीचा अभ्यास केला, त्याचा हा वारसा. तेव्हा उसनवारीचा हिशेब मांडावयाचाच तर तो सर्वांच्याच वहीत मांडावा लागेल.

जमिनीच्या कायद्याचेही असेच. थांग राजवटीत जमीनवाटप मुख्यतः प्रौढ पुरुषांना होई. जपानने तो कायदा घेतला, पण त्यात स्त्रीलाही पुरुषाच्या दोन-तृतीयांश वाटा दिला. मूळ कायद्यापेक्षा नक्कल अधिक न्यायी झाली ती या कलमात. यावरून सिद्ध होते ते इतकेच की, बाहेरून घेतलेली वस्तू घेणाराच्या हातात बदलू शकते. ती चांगल्यासाठी बदलते की वाईटासाठी, हे घेणारा कोण यावर अवलंबून असते.

निवड कोणी केली?

आता दुसरे पारडे. जपानात घेणारा होता दरबार. काय घ्यावे व काय टाकावे हे सरदारांनी ठरविले आणि त्यांनी आपल्या सोयीने ठरविले.

चीनमध्ये परीक्षा घेऊन अधिकारी निवडण्याचे तत्त्व पुढे आले होते. थांग काळात तेथेही बड्या घराण्यांचाच वरचष्मा होता, हे खरे; तरी विद्येने पद मिळावे हे तत्त्व मान्य झाले होते. जपानने विद्यापीठ काढले, परीक्षाही ठेवल्या; परंतु विद्यापीठाची दारे मुख्यतः वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांच्या मुलांना आणि वंशपरंपरागत लेखनिकांच्या मुलांनाच उघडी ठेवली. शिवाय एक कलम असे घातले की, वरिष्ठांच्या मुलांना बापाच्या श्रेणीवरून आपोआप श्रेणी मिळावी. परिणाम काय झाला? सर्वांत अवघड परीक्षेत उत्कृष्ट ठरलेल्या विद्वानास आठव्या श्रेणीत जागा मिळे, आणि पहिल्या श्रेणीच्या सरदाराचा मुलगा एकविसाव्या वर्षी केवळ जन्माच्या बळावर पाचव्या श्रेणीत जाऊन बसे! आमच्या मुलांना शिष्यवृत्ती किंवा राखीव जागा मिळाली की "गुणवत्ता, गुणवत्ता" म्हणून जे ओरडतात, त्यांनी जन्मावर दिलेल्या या राखीव जागेचा इतिहासही कधीतरी वाचावा. जगातील सर्वांत जुनी राखीव जागा ही उच्चकुळीच्या मुलाचीच आहे.

तसेच, अन्यायी राजाकडून दैवाचा आदेश काढून घेतला जातो व राज्य दुसऱ्याकडे जाते, हा चिनी राजनीतीचा विचार जपानी दरबाराने बाजूस सारला. राजा सूर्यदेवतेचा वंशज; तेव्हा त्याला पदच्युत कोण करणार? परंतु याच दरबाराने थांग कायद्यातून एक गोष्ट मात्र तत्परतेने उचलली: प्रजेची "उत्तम" आणि "हीन" अशी विभागणी. हीन वर्गाचे पाच प्रकार करण्यात आले. त्यांत राजांच्या थडग्यांचे राखणदार होते आणि खरेदी-विक्री होणारे दासही होते. उत्तम व हीन यांच्यात विवाहास कायद्याने बंदी होती. खासगी दासास जमिनीचा वाटा मिळे तो स्वतंत्र मनुष्याच्या एक-तृतीयांश. विद्येचे दार अर्धवट उघडले, राजाला जाब विचारण्याचे दार बंद ठेवले, आणि हीनत्वाचे कलम मात्र पुरते घेतले. ही झाली सरदारांची निवड!

धम्माचेही तेच केले. भिक्षूंसाठी सरकारी कायदा झाला. विहाराबाहेर जाऊन सामान्य लोकांना उपदेश करण्यास त्यात मनाई होती. भिक्षूने विहारात बसून राज्याच्या कल्याणासाठी सूत्रे म्हणावीत, एवढेच त्याचे काम. हा कायदा ज्याने मोडला त्याचे नाव ग्योकी (६६८-७४९). हाही परदेशातून आलेल्या कुळातला. तो खेड्यापाड्यांत हिंडला, लोकांना जमवून त्याने पूल बांधले, कालवे खणले, सायामाचा तलाव दुरुस्त केला, करभार वाहून नेणाऱ्या थकल्या-भागल्या वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्याच्यामागे हजारो लोक जमू लागले. तेव्हा ७१७ साली सरकारने त्याचे नाव घेऊन त्याच्यावर बंदी घातली. पुढे मोठ्या मूर्तीसाठी जनतेकडून श्रम व वर्गणी हवी होती, तेव्हा त्याच सरकारने त्याला जवळ केले आणि ७४५ साली महास्थविराचे सर्वोच्च पद दिले. लोकांचा माणूस लोकांत असतो तोवर गुन्हेगार; दरबारच्या कामी आला की महापुरुष! या युक्तीपासून आमच्या समाजानेही सावध राहावे. ज्यांनी काल बाबासाहेबांना शिव्या दिल्या तेच आज जयंतीला त्यांच्या पुतळ्यास हार घालतात. त्या हाराच्या बदल्यात ते काय मागतात ते आधी पाहावे.

चांडाल शब्दाचा प्रवास

आता सर्वांत कडू घोट. कोणी मित्र आम्हांस म्हणेल, "जपानी माणसाने बुद्ध घेतला, पण जुने देवही ठेवले. तुम्हीच का एवढे हट्टाने देव टाकता? दोन्ही चालू द्यावे." हा सल्ला गोड आहे, म्हणूनच घातक आहे. जपानने दोन्ही ठेवले; त्याचे फळ काय मिळाले?

जुन्या देवतांच्या पूजेबरोबर विटाळाची कल्पना टिकली. ९२७ साली सिद्ध झालेल्या एंगिशिकी या सरकारी विधिसंग्रहात विटाळाचे दिवस मोजून दिले आहेत. माणसाच्या मृत्यूचा विटाळ तीस दिवस, बाळंतपणाचा सात, पाळीव जनावराच्या मृत्यूचा पाच. देव आणि बुद्ध एकाच आवारात नांदू लागले, तेव्हा हा विटाळ विहारात शिरला. रक्ताच्या विटाळाने स्त्री पर्वतावरून खाली उतरविली गेली. मृत्यूच्या विटाळाने मेलेले ढोर ओढणारा, कातडे कमावणारा, प्रेत उचलणारा गावाबाहेर गेला. अहिंसेचे शील सांगणारांनीही त्याच कष्टकऱ्याकडे तुच्छतेने बोट दाखविले. चिलखताला कातडे लागे ते मात्र सामुराईला चाले! पुढे या लोकांना एता, म्हणजे "अति मलिन", असे नाव पडले. जुन्या कायद्यातील हीन वर्ग आणि हे एता एकाच वंशाचे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु माणसाला जन्माने हीन ठरविता येते ही कल्पना एकदा कायद्यात व देवळात रुजली की, ती नवनवे बळी शोधते. मेलेले ढोर ओढण्याचे काम आणि त्या कामावरून लादलेली हीनता यांचा अर्थ महाराष्ट्रातील आमच्या वडीलधाऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून सांगितले ते याच बेडीवर घाव घालण्यासाठी.

आणि या लोकांना हिणविण्यास शब्द कोठून मिळाला? आमच्याच देशातून! आमच्या देशातील ब्राह्मणी समाजरचनेतला "चांडाल" हा शब्द बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत शिरला आणि तेथून जपानात गेला. जपानी उच्चार झाला "सेंदारा". तेराव्या शतकात निचिरेन (१२२२-१२८२) या भिक्षूने स्वतःस समुद्रकाठच्या सेंदाराचा पुत्र म्हणवून त्या शब्दाची नांगी मोडली. परंतु पुढील काळात कित्येक विहारांतील भिक्षूंनी एता कुटुंबातील मृतांना जी धर्मनामे दिली त्यांत "पशू", "नीच" आणि "सेंदारा" अशी अक्षरे घातली. थडग्याच्या दगडावर कोरून ठेवली! जिवंतपणी अपमान पुरला नाही म्हणून मेल्यावरही जात लिहून ठेवली, आणि तीही बुद्धाच्या नावाने. सुनीत भंग्याला, उपाली न्हाव्याला, मातंगकन्या प्रकृतीला संघात घेणाऱ्या बुद्धाच्या नावाने!

१८७१ साली सरकारने एता हे नाव कायद्याने रद्द केले. नाव गेले, भेद राहिला. १९२२ साली क्योतो येथे या समाजाने सुइहेइशा ही संघटना स्थापन केली. त्यांनी मुक्ती मागितली ती दयेच्या भाषेत नव्हे, स्वाभिमानाच्या भाषेत, आणि ज्या होंगान्जी मठांचे ते पिढ्यान्‌पिढ्या अनुयायी होते त्यांना देणग्या देण्याचे नाकारण्याची हाक दिली. १९७९ साली एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या एका प्रमुखाने जपानात असा भेद उरलाच नसल्याचे सांगितले, तेव्हा या समाजाने जाब विचारला आणि त्यांना शब्द मागे घ्यावे लागले. पुढे त्या पंथास आपल्याच विहारांतील अपमानकारक नावांची तपासणी करावी लागली. २०१६ साली, म्हणजे मुक्तीच्या हुकुमानंतर १४५ वर्षांनी, हा भेद नाहीसा करण्यासाठी जपानच्या संसदेस पुन्हा कायदा करावा लागला.

आमचा निष्कर्ष

यावरून बौद्ध धर्मच निकामी, असे कोणी म्हणेल तर तो चुकतो. ज्याने मठांना जाब विचारला तो समाज बुद्धाचाच अनुयायी होता. चुकले ते घेणे नव्हे. चुकले ते अर्धे घेणे. सिंहासनाने धम्म घेतला तेव्हा त्यातून समता गाळली आणि सोहळा ठेवला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जे घडले त्याचे वेगळेपण येथेच आहे. तेथे धम्म राजाने प्रजेला दिला नाही; जे सर्वांत खाली दडपले गेले होते त्यांनी तो स्वतः उचलला. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवांचा त्याग एवढ्या स्पष्ट शब्दांत का आहे, याचे उत्तर जपानच्या थडग्यांवर कोरलेले आहे. विटाळाचा देव आणि समतेचा बुद्ध एका देव्हाऱ्यात बसविले, तर विटाळ जिंकतो. आणि ग्रंथात छापले म्हणून ते बुद्धवचन, असेही नव्हे. जे बुद्धीला पटत नाही व मनुष्याच्या हिताचे नाही ते बुद्धाचे नव्हे, ही कसोटी बाबासाहेबांनी आपल्या "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात आम्हांस देऊन ठेवली आहे. थडग्यावर "सेंदारा" लिहिणारा ग्रंथ उघडून बसला होता. ही कसोटी मात्र त्याच्या हाती नव्हती.

तेव्हा शेजाऱ्याच्या टोमण्यास घरातील लहान मुलानेही पुढीलप्रमाणे उत्तर द्यावे. होय, आम्ही घेतला. शिकणारा घेतच असतो. जपानने परक्याची अक्षरे घेतली आणि त्यांतून स्वतःची लिपी घडविली. आम्ही तर आमच्याच देशाचा विसरलेला विचार परत घेतला. तुमच्या घरातील घड्याळ, पुस्तक, दवाखान्यातील औषध यांपैकी काय तुमच्या वाडवडिलांचे आहे ते सांगा. आणि वाडवडिलांचे म्हणून तुम्ही जे खरोखर जपून ठेवले आहे ती जात असेल, तर ती तुमची तुम्हांस लखलाभ होवो!

आणि आपल्या घरापुरते स्वतःस विचारावे: धम्म घेताना मी काय मागे ठेवले? पोटजात ठेवली काय? सोयरीक जुळविताना अजून जुनीच चौकशी होते काय? मासिक पाळीत लेकीला बाजूस बसविले जाते काय? विहाराच्या कार्यकारी मंडळात स्त्रिया आहेत काय? गावात आपल्याहून खाली समजल्या जाणाऱ्या जातीच्या मुलाच्या हातचे पाणी आपण पितो काय? यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर देताना जीभ अडखळली, तर समजावे की, सरदारांची ती जुनी निवड आपल्याही घरात चालू आहे. आज रात्री जेवणापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून ही उत्तरे एकमेकांस द्यावीत. अकराव्या वर्षी चीवर घेतलेल्या झेन्शिनला फटके पडले ते तिने धम्म पुरता घेतला म्हणून. आपल्याला तर फटक्यांचीही भीती नाही. मग अर्धा घेण्याचे कारण काय?

जय भीम! नमो बुद्धाय!